मुष्टियुद्धातील रूढ आणि रूढीबाह्य शैली : एक पुनर्विचार

व्यावसायिक मुष्टियुद्धाच्या समीक्षेत ‘रूढ’ आणि ‘रूढीबाह्य’ ही विशेषणे वारंवार योजली जातात. परंतु त्यांचा अर्थ क्वचितच निश्चित केला जातो. पहिली अडचण परिभाषेचीच आहे. डावा पाय व डावा हात पुढे ठेवून उभे राहण्याच्या पवित्र्यास या खेळात ‘ऑर्थोडॉक्स’ म्हणतात आणि उजवी बाजू पुढे ठेवण्यास ‘साउथपॉ’. ही केवळ शरीराच्या ठेवणीची नावे होत. साउथपॉ योद्धा शैलीने पूर्णतः परंपरानिष्ठ असू शकतो, आणि ऑर्थोडॉक्स पवित्र्यात उभा राहणारा योद्धा परंपरेचे बहुतेक दंडक मोडू शकतो. तेव्हा शैलीचा निर्णय पवित्र्याच्या नावावरून करता येत नाही. परंपरा म्हणजे नेमके काय, हाच प्रश्न आधी विचारला पाहिजे.

१७४३ मध्ये ब्रॉटन यांनी केलेले नियम आणि १८६७ मध्ये प्रसिद्ध झालेले क्वीन्सबेरी नियम हे लढतीचे नियम होत. शैलीचे दंडक मात्र तालमीत घडले. हनुवटी छातीकडे दाबून ठेवावी, हात गालाच्या उंचीवर असावेत, ठोसा मारताच हात जागेवर परत यावा, ठोसा चुकविण्यासाठी मान सरळ मागे नेऊ नये, चालताना पायांची आढी पडू नये. वरवर पाहता ही बंधने वाटतात. वस्तुतः प्रत्येक दंडकामागे एक गृहीत आहे : योद्धा केव्हातरी थकणार, त्याची नजर चुकणार, त्याचे पाय जड होणार. परंपरेची रचना योद्ध्याच्या सर्वोत्तम क्षणासाठी नसून त्याच्या दुर्बल क्षणासाठी आहे. रूढीबाह्य शैलीचे गृहीत नेमके उलट असते.

मुहम्मद अली यांचे उदाहरण या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. ते हात कमरेजवळ ठेवीत आणि ठोसा आला की मान मागे घेत. २५ फेब्रुवारी १९६४ रोजी मायामी बीच येथे, कॅशियस क्ले या नावाने लढताना, त्यांनी सनी लिस्टन यांना याच रीतीने निष्प्रभ केले. सातव्या फेरीसाठी लिस्टन उठलेच नाहीत. अनेक समीक्षकांनी यात नियमांचा पराभव पाहिला. परंतु नियमाचा हेतू येथे मोडलाच नव्हता. हातांनी करावयाचे रक्षण पाय आणि अंतराची जाण करीत होती. १९६७ ते १९७० या काळात अली यांना रिंगणाबाहेर राहावे लागले, आणि परतल्यावर ते पाय पूर्वीचे राहिले नव्हते. जो फ्रेझिअर यांच्या गोटातील एडी फच यांनी हेरले होते की उजव्या हाताचा अपरकट मारण्यापूर्वी अली तो हात खाली आणतात. ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्क येथे पंधराव्या फेरीत फ्रेझिअर यांच्या डाव्या हुकने अली कोसळले आणि लढत गुणांवर हरले. दंडक मोडल्याची किंमत सात वर्षे थकली होती, एवढेच.

नसीम हमीद यांच्या बाबतीत हा हिशेब अधिक स्पष्ट दिसतो. त्यांची शैली जन्मजात व स्वच्छंद मानली गेली. तथापि शेफील्ड येथे ब्रेंडन इंगल यांच्या तालमीत ती शिकविली जात होती, आणि जमिनीवर आखलेल्या रेषांवर तेथे पावले घटविली जात. म्हणजे रूढीबाह्यतेलाही गुरू होता. ७ एप्रिल २००१ रोजी लास व्हेगास येथे, ३५ लढती अजिंक्य राहिलेल्या हमीद यांच्यासमोर मार्को अँटोनियो बारेरा उभे राहिले. त्वेषाने भिडण्याबद्दल प्रसिद्ध असलेल्या बारेरा यांनी त्या रात्री संयम धरला; सरळ डावा ठोसा, उंच हात आणि हमीद यांच्या डाव्या हातापासून दूर जाणारी पावले एवढ्यावर त्यांनी बारा फेऱ्यांची लढत तिन्ही पंचांच्या गुणांवर जिंकली. येथे परंपरा जिंकली ती तिच्या वयामुळे नव्हे. पहिला बेत फसल्यावर काय करावे याचे उत्तर एका बाजूकडे होते, दुसऱ्या बाजूकडे नव्हते.

मात्र यावरून प्रत्येक नवता क्षणभंगुर ठरते, असे मानणे चूक होईल. कस डमाटो यांनी शिकविलेल्या ‘पीक-अ-बू’ रीतीत दोन्ही हात गालांशी आणि छाती प्रतिस्पर्ध्यासमोर जवळजवळ सरळ असे. रूढ शिकवणुकीस हे मान्य नव्हते. तरीही त्या रीतीने १९५६ मध्ये फ्लॉइड पॅटरसन वयाच्या २१ व्या वर्षी, आणि १९८६ मध्ये, डमाटो यांच्या निधनानंतर, माइक टायसन २० व्या वर्षी हेवीवेट विजेते झाले. तीस वर्षांच्या अंतराने एकच रीत दोन भिन्न शरीरांत उतरली, कारण तिने एक रक्षण काढून दुसरे दिले होते : डोक्याची अखंड हालचाल. जे दुसऱ्यास देता येते ते परंपरेत जमा होते. जे केवळ एका शरीराची देणगी असते ते त्या शरीराबरोबर ओसरते.

या विवेकाची गरज केवळ वर्गीकरणापुरती नाही. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासा येथे अली यांनी दोरांना टेकून जॉर्ज फोरमन यांचे ठोसे अंगावर घेतले आणि आठव्या फेरीत त्यांना पाडले. ही युक्ती बुद्धिवैभव म्हणून गौरविली गेली, आणि ती तशी होतीही. परंतु तिच्यात पायांच्या जागी आता सोसण्याची शक्ती रक्षक म्हणून उभी होती. पुढे मनिला येथे १९७५ मध्ये, आणि लॅरी होम्स यांच्यासमोर १९८० मध्ये, हीच शक्ती पुन्हा खर्ची पडली. १९८४ मध्ये अली यांना पार्किन्सन विकार असल्याचे निदान झाले. त्या विकाराचे सारे कारण रिंगणातच शोधणे धाडसाचे ठरेल. पण प्रत्येक ठोसा शरीराच्या खात्यावर मांडला जातो, हे नाकारता येत नाही.

साहित्यात नियमभंग फसला तर एक कृती वाया जाते. मुष्टियुद्धात योद्ध्याचे डोके उघडे पडते. म्हणून खाली सोडलेल्या हातांचे कौतुक करणाऱ्या समीक्षकाने एक प्रश्न टाळता कामा नये : हनुवटीचे रक्षण या क्षणी कोण करीत आहे? उत्तर पाय, अंतर किंवा डोक्याची हालचाल असे आले, तर ती शैली होय. उत्तर केवळ तारुण्य असे आले, तर ती उसनवारी होय. आणि तिची फेड समीक्षकाला करावी लागत नाही.