मृताचें नांव

डिटेक्टिव्ह गोष्टींत प्रेत निमित्तमात्र. सारी ओढ खुनी कोण याकडे. १९५७ सालीं फिलाडेल्फियांत पुठ्ठ्याच्या खोक्यांत मिळालेल्या मृत बालकाची हकीकत सांगणाऱ्यांनींहि हीच रीत धरली व त्यास 'खोक्यांतला मुलगा' म्हटलें. ज्यांत टाकून दिलें त्यावरूनच ओळख! आम्हांस हें नांव क्रूर वाटतें. पुढें अवशेषांतील डीएनए वंशावळी-संग्रहांतील दूरच्या नातलगांशीं ताडला, जन्मनोंदी चाळल्या, आणि २०२२ सालीं 'जोसेफ' हें नांव जाहीर झालें. खुनी तेव्हांहि सांपडला नव्हता. रूढ कसोटीस ही कथा अपुरी ठरेल; आमच्या मतें मेलेला कोण होता हाच तिचा गाभा आहे. १३ जानेवारी २०२३ रोजीं, जगता तर त्यास ७० वर्षें पुरीं झालीं असतीं त्या दिवशीं, 'अमेरिकेचें अज्ञात बालक' एवढेंच सांगणाऱ्या थडग्यावर त्याचें नांव लागलें.