निर्गुणी पदांचा अर्थ

इंदूरच्या सराफ्यात सोने कसोटीवर घासून पारखतात. मालकाच्या इच्छेने त्याचा कस वाढत नाही. माळव्यातील निर्गुणी पदांचा अर्थ लावतानाही हे ध्यानी असावे. १९४८ पासून देवासला वास्तव्य केलेल्या कुमार गंधर्वांनी ही पदे मैफलीत आणली. अलीकडे नीरज आर्य यांच्या ‘कबीर कॅफे’ने कबीराची पदे गिटारीच्या साथीने गायिली. त्यांतील हंस म्हणजे जीव, चादर म्हणजे देह, हे आपण सहज मान्य करतो. मात्र मूर्तिपूजेवर प्रहार आला की त्यालाही रूपक ठरवून बोथट करतो. अशिलाच्या सोयीने कलमाचा अर्थ लावण्याची ही आम्हां वकिलांची खोड रसिकाला शोभत नाही. तो प्रहार खराच आहे. देवळाच्या पायरीवर बसून तो ऐकवतो काय, हा प्रश्न आपल्या भक्तीला आहे.