गुबगुबीत अक्षर कुठं शोभतं?

कचारगडच्या यात्रेत बोलायला उभं राहायचं आणि विषय घ्यायचा फाँटचा, हे काहींना विचित्र वाटेल. पण धनेगावपासून इथवर चालत येताना आम्ही फ्लेक्सच वाचत आलो. त्यातल्या तीन फ्लेक्सवर 'मोदक' हा फाँट होता, म्हणून हा विषय.

मोदक मुंबईच्या 'एक टाइप'नं काढला. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांचं हे काम. अक्षरं आधी हातानं रेखाटली, मग संगणकावर चढवली. फुकट मिळतो, म्हणून गावोगाव पोचला. अक्षर इतकं फुगवलंय की पोटातली पोकळी जवळजवळ मिटून नुसती फट उरते. म्हणजे बघा, 'व'च्या पोटात पांढरा गोल नाही, एक रेघ आहे. ती रेघ नेमकी कुठं ठेवायची यातच सगळी करामत आहे, आणि ती साधली आहे.

पहिला फ्लेक्स भज्यांच्या दुकानाचा. दोनच अक्षरं, 'भजी', हातभर उंचीची. वाचूनच भूक लागली! मोदकाची खरी जागा ही.

दुसरा म्हणत होता, गुहेत दगड निसरडे आहेत, मुलांचा हात सोडू नका. चार ओळी, बारीक आकारात. त्या आकारात फटी बुजतात आणि अक्षराचा गोळा होतो. आम्हाला दोनदा वाचावा लागला, आणि आम्ही चष्मा लावून, उजेडात उभे होतो. यात फाँट करणाऱ्यांचा दोष नाही. मथळ्याचं अक्षर मजकुराला जुंपलं, एवढंच. हुइझिंगा हा डच विचारवंत म्हणायचा की खेळाला रिंगण लागतं. ते इथं मोडलं.

तिसऱ्यावर पारी कुपार लिंगोंचं नाव. सोबतच्या मित्राला राग आला, देवाचं नाव असं गमतीत? आम्हाला नाही आला. लिंगोंच्या नावाशी वाद्यं आणि नाच जोडलेले आहेत, इथं रात्रभर ढोल वाजतो. गंमत आपल्या माणसांनी केली तर अपमान कसला?

आम्हाला खटकलं ते वेगळंच. ती गंमत देवनागरीत होती. शेजारच्या बालाघाटचे मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी 1918 मध्ये गोंडी लिपी तयार केली. युनिकोडमध्ये ती 2017 साली आली. गूगलच्या 'नोटो' मालिकेत तिचा साधा, सरळ फाँट आहे. पण असं खट्याळ, ढेरपोटं अक्षर या लिपीत आम्ही अजून पाहिलेलं नाही. कुणी म्हणेल, आधी पाठ्यपुस्तकं तर होऊ द्या! आम्हाला हा क्रम पटत नाही. ज्या लिपीत पोराला भज्यांची पाटी रंगवता येत नाही, ती त्याला परीक्षेचीच वाटणार. आणि हे अक्षर साध्या फाँटला जाड करून मिळत नाही. कुणीतरी वही घेऊन, हातानं, शंभरदा काढावं लागतं. समोर शाळेतली पोरं बसलीत, त्यांच्यापैकी कुणी हे करील तर आम्हाला जरूर दाखवा.

तेवढा निसरड्या दगडांचा फ्लेक्स मात्र आज अंधार पडायच्या आत बदला. साध्या अक्षरात.