कळ आमची, डोकं कुणाचं?

दलित लेखन म्हटलं की प्रस्थापित समीक्षक एकच शिक्का काढतो: वेदनेचा हुंकार. ऐकायला बरं वाटतं. पण अर्थ काय? मारलं म्हणून ओरडला. म्हणजे कळ आमची आणि कला त्यांची! आम्हाला नुसतं अंग, डोकं न्हाईच.

आता कळ तरी इतकी सरळ असते का? दगडाची ठेच लागते. आधी झर्रकन सणक, मागाहून ठणका. कारण दोन्हींच्या नसा वेगळ्या, एक पळणारी, एक रेंगाळणारी. आपण अंगठा चोळतो, जरा बरं वाटतं. मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ साली मांडलं की मज्जारज्जूत जणू एक फाटक आहे. चोळण्याचा स्पर्श ते लोटून घेतो, वरून मेंदूही ते कमीजास्त करतो. तपशील पुढं बदलले, पण कळ कमीजास्त करण्यात मेंदूचा हात असतो हे टिकलं. साधी ठेचसुद्धा मेंदूशिवाय दुखत न्हाई.

मग 'बलुतं' (१९७८) नुसती किंकाळी कशी? दया पवारांनी तिथं स्वतःचे दोन केलेत. दगडू मारुती पवार सांगतो, दया पवार ऐकतो. ज्याला लागलं तो एक, ज्याला लिहिता येतं तो दुसरा, आणि ऐकणाराही सुटलेला न्हाई. ही बेतून केलेली रचना आहे. ती बाजूला ठेवून मंडळी 'जिवंत अनुभव' म्हणत पाठ थोपटतात.

दुसरी तक्रार: 'किती दिवस तेच उगाळणार? आता कुठं राहिलंय तसं?' क्लिफर्ड वूल्फनं १९८३ साली उंदरांवर दाखवलं की इजेनंतर मज्जारज्जूच हळवा होतो. मग जखमेच्या आजूबाजूला हलका हात लागला तरी दुखतं. हे नसांचं शास्त्र, समाजाला जसंच्या तसं लावू नये, मान्य. पण भाड्याची खोली बघायला गेलं की घरमालक विचारतो, 'पूर्ण नाव काय?' पोटात गोळा येतो. तो म्हणतो, नुसतं नावच तर विचारलं!

आणि दोस्तहो, आपलीही खोड सांगतो. कवितेत 'जखम', 'आक्रोश' पेरले की झालं, असं आपल्यातले काही समजतात. त्या कवितेत ना तो घरमालक दिसतो, ना ती खोली.