‘होवो’ आणि ‘असो’ : ख्रिस्ती प्रार्थनेतील शरणागतीची मराठी वाक्यरचना

ख्रिस्ती प्रार्थनेतील शरणागतीचा विचार प्रायः धर्मशास्त्राच्या अंगाने केला जातो. तो युक्तच आहे. परंतु प्रार्थना ही प्रथमतः उक्ती असते, आणि ती ज्या भाषेत उच्चारली जाते त्या भाषेचे व्याकरण तिच्या अर्थाला आकार देत असते. प्रभूच्या प्रार्थनेतील तिसरे मागणे, म्हणजे ईश्वराच्या इच्छेविषयीचे मागणे, मराठीत आले तेव्हा त्याचे काय झाले, हा प्रश्न या दृष्टीने विचारार्ह आहे.

मूळ ग्रीक वचनात ‘थेलेमा’, म्हणजे इच्छा, हा शब्द कर्तृस्थानी आहे आणि ‘होणे, घडणे’ या अर्थाच्या धातूचे तृतीयपुरुषी आज्ञार्थी रूप क्रियापदस्थानी आहे. मराठीत या मागणीच्या दोन रचना संभवतात. एकीत ‘इच्छा पूर्ण होवो’ असे म्हटले जाते. दुसरीत ‘इच्छेप्रमाणे होवो’ असे. वरवर पाहता हा भेद क्षुल्लक वाटेल. वस्तुतः तो तसा नाही.

मराठीत ‘तुझी इच्छा पूर्ण होवो’ हे वाक्य स्वभावतः आशीर्वादाचे आहे. वडीलधाऱ्याने धाकट्यास ते म्हणावे, असा संकेत आहे. नवसाच्या भाषेतही इच्छा भक्ताची असते आणि ती पूर्ण करणारा देव असतो. गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध असलेल्या पेणमध्ये काय किंवा धावीर महाराजांच्या रोह्यात काय, ‘इच्छा’ या शब्दाची ही दिशा श्रोत्याच्या कानी रुळलेली आहे. ख्रिस्ती प्रार्थनेत ती उलटते. येथे लेकरू पित्याला उद्देशून बोलते, आणि पूर्ण व्हावयाची इच्छा पित्याची असते. जणू माणूसच देवाला आशीर्वाद देत आहे, असा क्षणिक भास या रचनेत होतो. हा तिचा दोष होय. पण आपल्या मागण्यांची सवय झालेल्या मनाला त्या भासानेच थबकावयास लावले, तर तो तिचा गुणही ठरतो.

‘इच्छेप्रमाणे होवो’ या रचनेत तो भास टळतो. मात्र तेथे इच्छा कर्तृस्थानावरून ढळून केवळ प्रमाण उरते, आणि ‘होवो’ला स्पष्ट कर्ता राहत नाही. जे घडेल ते घडो, असा अर्थ काढण्यास वाव मिळतो. येथेच मराठी श्रोत्याच्या बाबतीत खरा धोका आहे. आपल्याकडे ‘देवाची मर्जी’ हा प्रयोग बहुधा घटना घडून गेल्यावर, विशेषतः दुःखाच्या घरी केला जातो. ‘ईश्वरेच्छा बलीयसी’ हे वचनही बहुधा अशाच वेळी आठवते. त्यात सांत्वन आहे, पण मागणे नाही. ते ‘असो’च्या जातीचे आहे. ‘असो’ विषय मिटवतो, ‘होवो’ मात्र अद्याप न घडलेल्या गोष्टीकडे तोंड करून उभा असतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानात गेथशेमाने बागेतील प्रसंगी (२६:४२) येशूच्या तोंडी तिसऱ्या मागणीचेच (६:१०) ग्रीक शब्द येतात. शिष्यांना शिकवलेली प्रार्थना शिकवणाऱ्यालाच म्हणावी लागते. तथापि शरणागतीपूर्वी त्याने दुःखाचा प्याला टळावा असे मागितलेले असते. स्वतःची इच्छा न दडपता ती उच्चारणे आणि मग ती पित्याच्या स्वाधीन करणे, असा हा क्रम आहे. पहिली पायरी गाळली की शरणागतीची निरिच्छता होते. म्हणून भाषांतरात कोणतीही रचना स्वीकारली, तरी दोन्ही स्थळी ती एकच असावयास हवी. अन्यथा हा प्रतिध्वनी वाचकाला ऐकू येणार नाही.

रोह्याजवळून वाहणारी कुंडलिका रेवदंड्यापाशी समुद्रास मिळते. तिच्या मुखाशी वसलेल्या कोर्लई गावी या प्रश्नाची आणखी एक बाजू दिसते. चौल १७४० मध्ये मराठ्यांकडे आले, तरी तेथील ख्रिस्ती समाजाने पोर्तुगीजपासून घडलेली आपली मिश्रभाषा टिकवली. उपासनेत मात्र पोर्तुगीजची जागा पुढे मराठीने घेतली. लोकभाषांतील उपासनेस व्हॅटिकनच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने १९६३ मध्ये मान्यता दिली होती. पारंपरिक पोर्तुगीज प्रार्थनेत ‘करणे’ या धातूचे कर्मणी रूप आहे आणि देवाला आदरार्थी बहुवचनाने संबोधले जाते. मराठीत ‘केली जावो’चे ‘होवो’ झाले आणि आदरार्थी सर्वनामाच्या जागी ‘तू’ आला. ज्या ‘तू’ने मराठी संत विठ्ठलाशी बोलले, त्याच ‘तू’पुढे आता शरण जावयाचे होते. दरबारी अंतर गेले आणि घरातले नाते आले, हा या भाषांतराचा मोठा लाभ होय.

पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ मध्ये जन्मलेल्या विनोबांनी ‘ख्रिस्तधर्म-सार’ संकलित केले. त्यापूर्वी, १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या ‘गीता प्रवचनां’तील नवव्या अध्यायात त्यांनी समर्पणयोग विवरिला होता. तेथे भर आहे तो साधी कर्मेही ईश्वरास अर्पण करण्यावर. ख्रिस्ती प्रार्थनेतील समर्पण कर्माच्याही अलीकडचे, म्हणजे इच्छेचे आहे. पहिल्याची भाषा ‘मी करतो ते तुझे’ अशी, तर दुसऱ्याची ‘तुला हवे ते होवो’ अशी आहे. परंतु दोन्हींत माणूस निष्क्रिय नाही, हे साम्य महत्त्वाचे आहे. ‘पृथ्वीवर’ असे स्थळ प्रार्थनेतच सांगितलेले असल्यामुळे ती इच्छा जेथे पार पडावयाची, तेथे प्रार्थना करणाराही उभा असतो.

‘होवो’ हे एक अक्षरयुग्म एवढा अर्थ पेलू शकते. मात्र उच्चारणाऱ्याने ते ‘असो’च्या सुरात म्हणता कामा नये.