विजयदुर्गावरचे अश्रू

ॲडमिरल चार्ल्स वॉटसनचे जे चित्र आपल्या मनात असते, ते बव्हंशी त्याच्या ताफ्यावरील सर्जन एडवर्ड आइव्ह्जने १७७३ च्या प्रवासवृत्तात रेखाटलेले. त्यातला एक प्रसंग मला पुनःपुन्हा अडवतो. १३ फेब्रुवारी १७५६ ला विजयदुर्ग, इंग्रजांचा ‘घेरिया’, पडला. नंतर वॉटसन तुळाजी आंग्र्यांच्या बंदिवान कुटुंबाला भेटतो. मलाच आता पित्यासमान माना, म्हणतो. सहा वर्षांचा मुलगा त्याचा हात धरून रडतो. ॲडमिरलही डोळ्यांत दाटलेले अश्रू आवरण्यासाठी तोंड फिरवतो.

हे रचलेले आहे, असे मी म्हणत नाही. पोराचे रडणे तर खरेच असणार. पण त्याचा बाप जिवंत होता! हल्ल्याआधीच तुळाजी पेशव्यांच्या सैन्याच्या स्वाधीन झाले होते. आइव्ह्जची करुणा त्या मुलाला अनाथ करूनच उभी राहते. शिवाय मुंबईहून निघण्यापूर्वीच इंग्रजांनी लुटीचे वाटे आपसांत ठरवले होते, त्यांत मित्र म्हणवणाऱ्या पेशव्यांना काही नव्हते. सुमारे दहा लाख रुपये वाटले गेले.

वॉटसन १७५७ मध्ये कलकत्त्यात वारला. कंपनीने वेस्टमिन्स्टर ॲबेत त्याचे स्मारक उभारले. त्यावर घेरिया कोरलेला आहे. तुळाजी तेव्हाही पेशव्यांच्या कैदेत होते.