शिक्का कोणी मारला? : ‘उचल्या’चे पुनर्वाचन

लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वेदनेचा दस्तऐवज म्हणून त्याची प्रशंसा पुष्कळ झाली. परंतु माणूस गुन्हेगार का ठरतो, याविषयी समाजशास्त्रज्ञांनी मांडलेल्या सिद्धांतांची कसोटी लातूर जिल्ह्यातील धनेगावच्या या कुटुंबात कशी लागते, हे पाहणे मला अधिक उद्बोधक वाटते.

रॉबर्ट मर्टन यांनी १९३८ साली असे प्रतिपादन केले की, समाज सर्वांपुढे वैभवाचे एकच ध्येय ठेवतो, पण ते गाठण्याची साधने मोजक्यांच्याच हाती देतो. म्हणून उरलेले आडवाट धरतात. ‘उचल्या’तील माणसांचे ध्येय मात्र वैभव नाही, संध्याकाळची भाकर आहे. एडविन सदरलँड यांचे मत येथे अधिक लागू पडते : गुन्हा रक्तातून येत नाही, तो सहवासात शिकला जातो. खिसे कापण्याचे पद्धतशीर शिक्षण पोरांना मार देऊन कसे दिले जाई, हे गायकवाड कोणताही आडपडदा न ठेवता सांगतात.

हॉवर्ड बेकर यांनी १९६३ साली एक पाऊल पुढे टाकले. त्यांच्या मते गुन्हेगारी कृत्यात नसते, समाज मारतो त्या शिक्क्यात असते. आपल्याकडे हा शिक्का त्याआधी ब्याण्णव वर्षे, १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने, मारून झाला होता! जन्मतःच गुन्हेगार, पोलिसांकडे हजेरी, परवानगीवाचून गाव सोडण्यास बंदी. अशा माणसाने प्रामाणिकपणे मजुरी करायची तरी कुठे? ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला, शिक्का राहिला. आमच्या उमरेडच्या आठवडी बाजारात कुणाचा खिसा कापला गेला, तर पहिला संशय गावाबाहेरच्या पालांवरच जातो.

वडिलांच्या पापाचा भार मुलावर नाही, हे यहेज्केल संदेष्ट्याने केव्हाच सांगितले. तरीही अशा जमातींना कोंडण्याच्या काही वसाहती चालविण्यास ख्रिस्ती मिशनेच पुढे आली. त्यांत साल्व्हेशन आर्मी प्रमुख होती. ती कॅथलिक नव्हती, असे म्हणून हात झटकणे सोयीचे आहे, प्रामाणिक नाही.

पुस्तकातील सर्वांत विलक्षण प्रसंग शाळेचा. लक्ष्मण शाळेत जाऊ लागतो आणि वस्तीतील मुलांना हगवण-ओकारी सुरू होते. दोष त्याच्या शाळेवर येतो. संतांच्याच मठात क्षुल्लक चूकही गुन्हा ठरेल, असे एमिल दुर्खेम यांनी १८९५ साली लिहिले होते. येथे तेच उलट्या बाजूने घडते. चोरी हा जिथे कुळाचार, तिथे पाटी घेतलेला मुलगाच मर्यादा मोडणारा ठरतो.

मग सातव्या आज्ञेचे काय? संत थॉमस अक्वायनस यांच्या मते, उघड व तातडीच्या गरजेपोटी परक्याचे घेणे ही खऱ्या अर्थाने चोरी नव्हे. त्या सवलतीत ‘उचल्या’तील भूक बसते, पण पिढीजात शिकविलेले कसब पूर्णपणे बसत नाही, आणि गायकवाडही तसा दावा करीत नाहीत. स्वतःच्या माणसांचे समर्थन करण्याचा मोह त्यांनी टाळला, हे या लेखनाचे मोठे बळ आहे.

उत्तरार्धात मात्र निवेदन सैल पडते. सूतगिरणीतील नोकरी, संघटना, मोर्चे यांची नोंद अहवालासारखी होते. ज्या वाटेने सगळे गेले ती लक्ष्मणने का सोडली, याचे उत्तर एकाही सिद्धांताजवळ नाही. ते लेखकाकडून मिळण्याची आशा होती, पण तोही घाईत पुढे जातो. आणि धरपकडीनंतर मागे राहिलेल्या बायकांनी चूल कशी पेटती ठेवली, याविषयी आणखी वीस-पंचवीस पाने असती, तर मी मोर्चांची तेवढी पाने आनंदाने सोडून दिली असती.